रक्तातील पांढऱ्या पेशी : अंगातील राखण

ताप तीन दिवसांत उतरला नाही की दवाखान्यात रक्त तपासायला सांगतात आणि संध्याकाळी एक छापील कागद हातात मिळतो. पुष्कळ जण तो कागद घेऊन आमच्याकडे येतात. "फादर, पांढऱ्या पेशी वाढल्यात म्हणे, काय समजायचं?" कुणाच्या वाढलेल्या असतात, कुणाच्या कमी झालेल्या असतात, कुणाचे "इसनोफील" जास्त निघालेले असते. आम्ही डॉक्टर नव्हे आणि औषध सांगणे हे आमचे काम नव्हे. पण ज्या पेशींच्या नावाने घरात एवढी चिंता सुरू होते, त्या काय आहेत आणि कोणते काम करतात, हे प्रत्येक शेतकरी कुटुंबाला ठाऊक असायला हवे. ते ठाऊक नसल्यामुळे माणसांचे नुकसान होते आणि गोठ्यातील वासरांचेही होते. वासरांचे कसे, ते लेखाच्या शेवटी येईल. तेथपर्यंत वाचकांनी धीर धरावा.

मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते. त्यातील एका घन मिलिमीटरमध्ये, म्हणजे मोहरीच्या दाण्याहूनही लहान थेंबात, तांबड्या पेशी चाळीस-पन्नास लाख असतात. रक्त लाल दिसते ते ह्यांच्यामुळे. फुफ्फुसातील प्राणवायू अंगभर पोचवणे हे त्यांचे काम. त्याच थेंबात पांढऱ्या पेशी असतात फक्त ४,००० ते ११,०००. म्हणजे सहा-सातशे तांबड्यांमागे एक पांढरी. सुगीच्या दिवसांत शेतात कापणीला माणसे पुष्कळ आणि रात्री माळ्यावर राखणीला एक, तसा हा प्रकार आहे. पण राखण्याला डुलकी लागली तर एका रात्रीत रानडुकरे काय करून जातात, हे ज्यांची शेते रानाच्या कडेला आहेत त्यांना सांगायला नको.

तांबड्या आणि पांढऱ्या दोन्ही पेशींचा तरवा एकाच वाफ्यात वाढतो, आणि तो वाफा म्हणजे हाडांतील मगज. मोठ्या माणसात छातीचे हाड, बरगड्या, कंबरेचे हाड आणि पाठीचे मणके ह्यांच्यातील मगज हे काम करतो. निरोगी माणसाचा मगज दररोज सुमारे दहा हजार कोटी पांढऱ्या पेशी तयार करतो. ह्यातील बहुतेक पेशींचे आयुष्य थोडे, काही तासांचे किंवा फार तर काही दिवसांचे, म्हणूनच एवढी पैदास लागते. आणि पैदाशीला खाद्य लागते. डाळ, अंडे, मासळी, दूध, पालेभाजी ज्याच्या पोटात जात नाही, त्याची ही राखण दुबळी पडते. बाजारात प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या पावडरी आणि काढे २०२० च्या साथीपासून फार विकले जातात. आमचे मत असे की त्या पैशांची अंडी घ्यावीत.

आणखी एक गोष्ट. रक्त हा पांढऱ्या पेशींचा रस्ता आहे, घर नव्हे. त्यांपैकी पुष्कळशा पाणथरीत, आतड्यांच्या भिंतींत, कातडीखाली आणि काखेतील, मानेतील, जांघेतील बारीक गाठींत मुक्काम करून असतात. रक्ताच्या कागदावर जो आकडा येतो तो रस्त्यावर त्या घटकेला चालत असलेल्यांचा असतो.

काटा मोडला म्हणजे

शेतात अनवाणी चालताना पायात बाभळीचा काटा मोडतो. काट्याबरोबर मातीतील जंतूही आत जातात. थोड्या वेळात ती जागा ठणकू लागते, लाल होते, गरम होते, सुजते. आपण म्हणतो, काटा "पिकला". खरे पाहता ही सूज जंतूंनी केलेली नसून ती आपल्याच अंगाने केलेली असते. जखमी जागेतून हाक जाते, तेथील बारीक रक्तवाहिन्या रुंद आणि सैल होतात, आणि पांढऱ्या पेशी वाहिनीच्या भिंतीतील फटींतून अंग चोरून बाहेर पडतात. बाहेर आल्यावर त्या जंतूंच्या वासावर चालत जातात आणि त्यांना चक्क गिळतात. पोटात घेतलेल्या जंतूवर त्या दाहक रसायने सोडतात. बहुतेक वेळा जंतू मरतो आणि गिळणारी पेशीही मरते. अशा लाखो मेलेल्या पेशी, मेलेले जंतू आणि पाझरलेले पाणी मिळून जे होते, तो पू. "रक्त खराब झाले म्हणून पू झाला" असे आपल्याकडे म्हणतात, ते बरोबर नाही. पू ही झालेल्या लढाईची खूण आहे.

म्हणून गळू दाबून पिळू नये. पांढऱ्या पेशींनी भोवती कुंपण घालून जंतू एका जागी कोंडलेले असतात. पिळताना ते कुंपण आतल्या बाजूने फुटते आणि जंतू पसरतात. गरम पाण्याने शेकावे, आणि मोठे गळू असेल तर दवाखान्यात चीर देऊन घ्यावी.

पायाला जखम झाल्यावर जांघेत गाठ येते, तिला आपण अवधाण म्हणतो. हाताच्या जखमेने काखेत येते. आपल्या आजी-आजोबांना ह्याचा संबंध पक्का ठाऊक होता. जांघेत गाठ दिसली की ते पहिल्याने पायाचा तळवा तपासत. अवधाण म्हणजे पांढऱ्या पेशींचे ठाणे. जखमेतून निसटलेले जंतू त्या वाटेने येतात, ठाण्यातील पेशी जाग्या होतात, वाढतात, आणि गाठ फुगते. जखम भरली की ती आपोआप बसते. मात्र जखम नसताना आलेली, न दुखणारी आणि तीन-चार आठवडे तशीच राहिलेली गाठ डॉक्टरांना दाखवलीच पाहिजे. ती क्षयाची किंवा आणखी मोठ्या आजाराची असू शकते.

पेशी जंतूंना गिळतात हे कळले तेही काट्यामुळेच. मेचनिकॉफ नावाचे रशियन प्राणिशास्त्रज्ञ १८८२ साली सिसिली बेटावरील मेसिना शहरी राहत होते. एके दिवशी घरची मंडळी सर्कस पाहायला गेली होती आणि हे एकटेच सूक्ष्मदर्शकातून तारामाशाची पिले पाहत बसले होते. ती पिले काचेसारखी पारदर्शक असतात, आतील हालचाल बाहेरून दिसते. त्यांच्या मनात आले की अंगात काही परके शिरले तर ह्या फिरत्या पेशी तिकडे धावत असतील काय? काही दिवसांपूर्वी बागेत लहानशा संत्र्याच्या झाडाला सजवून मुलांसाठी नाताळचे झाड केले होते. तेथूनच त्यांनी गुलाबाचे काही काटे आणले आणि पिलांच्या कातडीखाली टोचले. रात्रभर त्यांना झोप आली नाही. पहाटे पाहतात तो काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला. पुढे १९०८ साली त्यांना ह्या कामाबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले.

गोठ्यातही हेच चालते. गाईला दगडी झाली की दुधात पांढरे कण, गाठी दिसतात. ते दूध नासलेले नसते. कासेत शिरलेल्या जंतूंवर धावून आलेल्या पांढऱ्या पेशी त्यात असतात. निरोगी कासेच्या एक मिलिलिटर दुधात त्या दोन लाखांच्या आत असतात, दगडीत त्या कित्येक पटींनी वाढतात. डोळ्याला गाठी दिसण्याच्या आधीही दुधात पेशी वाढलेल्या असतात. डेअरीत किंवा पशुवैद्यांकडे एका औषधी द्रवात दूध ढवळून ते घट्ट होते का पाहतात, ती ह्याच पेशींची परीक्षा होय. कास दुखावलेली वाटली तर ही परीक्षा लवकर करून घ्यावी, कारण सड बाद झाल्यावर उपाय राहत नाही.

काही जंतू मात्र गिळले तरी मरत नाहीत. क्षयाचा जंतू हा त्यातला. रॉबर्ट कॉख ह्या जर्मन डॉक्टरांनी तोही १८८२ सालीच जगापुढे आणला. मोठ्या पांढऱ्या पेशी त्याला गिळतात, पण तो त्यांच्याच पोटात बिऱ्हाड करतो आणि दबा धरून राहतो. क्षयाचे औषध खोकला थांबल्यावरही महिनोन्‌महिने, साधारणपणे सहा महिने, घ्यावे लागते त्याचे एक कारण हेच. दोन महिन्यांत अंग भरले, भूक लागली म्हणून गोळ्या सोडणारा माणूस त्या दडलेल्या जंतूंना पुन्हा उठायला वाव देतो, आणि ह्या वेळी ते औषधालाही दाद न देणारे असू शकतात.

जनावरांतील सांसर्गिक गर्भपाताचा जंतू, ब्रुसेला, असाच पांढऱ्या पेशींत लपून बसतो. गाय सातव्या-आठव्या महिन्यात गाभ टाकते, आणि घरचा माणूस उघड्या हाताने तो गाभ आणि वार उचलतो. काही आठवड्यांनी त्याला येऊन-जाऊन ताप येतो, सांधे दुखतात, रात्री घाम फुटतो, आणि कारण सापडत नाही. अशा वेळी हातमोजे घालावेत, वार खोल पुरावी, कच्चे दूध पिऊ नये. कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या वयात एकदा लस टोचली की त्यांना पुष्कळ संरक्षण मिळते. ही लस २०१९ पासून सरकारी योजनेतून दिली जाते. आणि ताप रेंगाळला तर गोठ्यातील ही गोष्ट डॉक्टरांना न विसरता सांगावी.

आठवण ठेवणाऱ्या पेशी

आतापर्यंत सांगितल्या त्या गिळणाऱ्या पेशी. दिसला परका की धर, एवढेच त्यांना कळते. दुसरी जात आहे ती लिम्फोसाइट नावाच्या पेशींची. ह्या आकाराने लहान, पण आठवणीच्या पक्क्या. प्रत्येक लिम्फोसाइट एकाच प्रकारच्या खुणेला ओळखते, जशी एक किल्ली एकाच कुलपाला लागते. अंगात अशा कोट्यवधी निरनिराळ्या किल्ल्या फिरत असतात. नवा जंतू शिरला की ज्या थोड्या पेशींची किल्ली त्याला लागते, त्या वाढू लागतात. एकीच्या दोन, दोनाच्या चार. ह्याला आठवडा-दीड आठवडा लागतो, आणि नव्या रोगात माणूस अंथरुणाला खिळतो तो बहुधा ह्याच काळात. त्यांतील एक गट प्रतिद्रव्ये तयार करून रक्तात सोडतो. ही प्रतिद्रव्ये जंतूला चिकटतात, त्याचे विष निकामी करतात, गिळणाऱ्या पेशींना "हा धरा" म्हणून खूण करतात. दुसरा गट विषाणू शिरलेल्या आपल्याच पेशी शोधून मारतो. आणि तिसरा गट बाकीच्यांना कामाला लावतो. ह्या तिसऱ्या गटावरच एचआयव्हीचा विषाणू घाव घालतो, म्हणून त्या रोग्याला साध्या साध्या जंतूंचीही बाधा होते. आता रोजच्या गोळ्यांनी हा विषाणू दाबून ठेवता येतो आणि पेशींची संख्या पुन्हा वाढते. सरकारी केंद्रांत हे औषध २००४ पासून फुकट मिळते. लाजेपायी कुणी घरी बसू नये.

लढाई संपल्यावर बहुतेक लिम्फोसाइट मरून जातात, पण थोड्या राहतात आणि वर्षानुवर्षे ती खूण जपतात. तोच जंतू पुन्हा आला की ह्या वेळी आठवडा लागत नाही. रोग डोके वर काढण्यापूर्वीच दाबला जातो. ही आठवण किती काळ टिकते, ह्याचा एक उत्तम दाखला उत्तर समुद्रातील फॅरो बेटांवरचा आहे. तेथे १७८१ साली गोवराची साथ येऊन गेली. त्यानंतर पासष्ट वर्षे गोवर तेथे फिरकला नाही. १८४६ साली तो पुन्हा आला तेव्हा सुमारे ७,८०० वस्तीपैकी ६,००० हून अधिक माणसे आजारी पडली, लहान-मोठी सगळी. पानुम नावाचे तरुण डॅनिश डॉक्टर तेथे पाठवले गेले. घरोघर फिरून त्यांनी टिपून ठेवले की ज्या म्हाताऱ्यांना १७८१ साली लहानपणी गोवर झाला होता, त्यांच्यापैकी एकालाही तो दुसऱ्यांदा झाला नाही. मधल्या पासष्ट वर्षांत आठवण ताजी करून द्यायलाही गोवर आला नव्हता, तरी ती टिकली.

लस म्हणजे रोग न होता ही आठवण तयार करून घेणे. मेलेला किंवा दुबळा केलेला जंतू, किंवा त्याची नुसती खूण, टोचून पेशींना आधीच दाखवून ठेवायची. देवीचा रोग ह्याच मार्गाने जगातून गेला. आपल्या देशातील शेवटचा रोगी १९७५ सालचा, आणि १९८० साली जग देवीमुक्त जाहीर झाले.

धनुर्वाताची गोष्ट थोडी वेगळी आहे आणि शेतकऱ्याने ती नीट ध्यानात घ्यावी. ह्याचा जंतू मातीत आणि शेणात असतो. खोल, हवा न लागणाऱ्या जखमेत तो वाढतो आणि एक जहरी विष सोडतो. ते विष इतके जहाल असते की प्राण घेण्यापुरते विषही पेशींना खूण पटण्यास पुरत नाही. त्यामुळे धनुर्वातातून वाचलेल्या माणसाच्या अंगातही त्याची आठवण राहत नाही, त्यालासुद्धा लस टोचावीच लागते. म्हणून खिळा, फाळ, विळा, काटा ह्यांची जखम झाली की साबणाच्या भरपूर पाण्याने धुवावी आणि शेवटचे इंजेक्शन कधी घेतले हे डॉक्टरांना सांगावे. शेण, माती, चुना, तंबाखू जखमेवर लावणे अजूनही काही घरांत चालते. ते बंद झाले पाहिजे. गरोदर आईला लस टोचली की तिची प्रतिद्रव्ये नाळेवाटे बाळाला मिळतात. ह्या लसीमुळे आणि स्वच्छ बाळंतपणामुळे नवजात बाळांचा धनुर्वात आपल्या देशात जवळजवळ नाहीसा झाल्याचे २०१५ साली जाहीर झाले. लस टोचणे थांबले तर तो परत येईल, कारण माती तीच आहे.

गोवराबद्दल अजून एक. "गोवर यायचाच, येऊन जाऊ दे" असे म्हणणारी मंडळी आहेत. गोवराचा विषाणू आठवण ठेवणाऱ्या पेशींनाच मारतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे आढळले की लस न टोचलेल्या मुलांना गोवर होऊन गेल्यावर त्यांच्या रक्तातील इतर रोगांविरुद्धच्या प्रतिद्रव्यांपैकी ११ ते ७३ टक्के नाहीशी झाली होती. पोराने चार वर्षांत कमावलेले एका आजारात पुसले जाते. म्हणून गोवर बरा झाल्यावरही मूल कित्येक महिने खोकला, हगवण ह्यांनी बेजार राहते. ह्या लसीची पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी दीड वर्षाच्या सुमारास, दोन्ही मात्रा घ्याव्यात.

कागदावरचे आकडे

आता तो कागद. त्यावर आधी एकूण पांढऱ्या पेशींचा आकडा असतो आणि खाली शेकडा वाटणी. मोठ्या माणसात न्यूट्रोफिल किंवा पॉलिमॉर्फ (गिळणाऱ्या) शेकडा ४० ते ७०, लिम्फोसाइट २० ते ४०, मोनोसाइट २ ते १०, इओसिनोफिल १ ते ६, आणि बेसोफिल एखादा टक्का किंवा तोही नाही. प्रयोगशाळेगणिक ह्यात थोडा फरक असतो.

जंतूंमुळे पू होणाऱ्या आजारात, फुफ्फुसाच्या दाहात, आंत्रपुच्छ सुजल्यावर एकूण आकडा चढतो आणि पॉलिमॉर्फचा वाटा वाढतो. पुष्कळशा विषाणूंच्या तापात आकडा तसाच राहतो किंवा उतरतो, डेंग्यूत तर हमखास उतरतो. विषमज्वर जंतूंचा असूनही त्यातही तो बहुधा कमी निघतो. तेव्हा नुसत्या आकड्यावरून रोग ठरत नाही, डॉक्टर रोग्याला तपासून मगच ठरवतात. गरोदर बाईचा आकडा थोडा चढलेला असतो, तान्ह्या मुलाचा मुळातच जास्त असतो, ऊस तोडून थेट दवाखान्यात आलेल्याचाही चढलेला निघेल. घाबरायचे कारण नाही. पण आकडा लाखाच्या घरात गेला, किंवा एकूण दोन हजारांच्या खाली आला, किंवा कर्करोगाच्या औषधावर असलेल्या रोग्याला ताप भरला, तर मात्र रात्रही न दवडता मोठ्या दवाखान्यात जावे.

ताप हाही पांढऱ्या पेशींचाच हुकूम असतो. जंतू सापडल्यावर त्या रक्तात काही द्रव्ये सोडतात, ती मेंदूला पोचतात आणि मेंदू अंगाची उष्णता वाढवतो. पॅरासिटामॉल घेऊन अंग हलके करणे ठीक. परंतु "इंजेक्शन द्याच, नाहीतर दुसऱ्याकडे जातो" असा हट्ट धरणे ठीक नाही. जंतुनाशक औषध विषाणूवर चालत नाही. विषाणूचा ताप पाच-सात दिवसांत उतरतो तो लिम्फोसाइटना तेवढे दिवस लागतात म्हणून, आणि श्रेय मात्र शेवटच्या दिवशी सुई टोचणाऱ्याला मिळते.

ह्याहून वाईट प्रकार आहे तो स्टेरॉइडचा. गुडघेदुखी, दमा, अंगदुखी ह्यांवर "एका पुडीत आराम" देणारे लोक बाजाराच्या दिवशी गावोगाव बसतात. त्या पुडीत पुष्कळदा स्टेरॉइडची गोळी कुटून घातलेली असते. स्टेरॉइड पांढऱ्या पेशींना गप्प बसवते. सूज आणि ठणका ही त्यांचीच कामे, म्हणून दुखणे थांबते, भूक लागते, चेहरा भरतो, माणूस खूश होतो. पण आता राखण झोपलेली असते. जुना क्षय उठतो, रक्तातील साखर चढते, जखम चिघळते. २०२१ साली काळ्या बुरशीने आपल्या देशात किती माणसांचे डोळे आणि प्राण घेतले ते सर्वांना आठवत असेल. मधुमेह आणि वारेमाप स्टेरॉइड ही त्यामागची मोठी कारणे होती. डॉक्टर योग्य वेळी देतात तेव्हा हेच औषध प्राण वाचवते, हेही खरे. आणि जे महिनोन्‌महिने ते घेत आहेत त्यांनी हा लेख वाचून एकदम बंद करू नये, त्यात जिवाला धोका असतो. डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू कमी करावे.

मधुमेहात साखर चढलेली राहिली तरी पांढऱ्या पेशी मंद होतात, पायाची जखम महिनाभर भरत नाही. रोजच्या दारूनेही तेच होते. दारुड्यांना क्षय लवकर गाठतो तो उगीच नव्हे.

इओसिनोफिल ह्या पेशींना हे नाव पडले ते रंगावरून. पॉल एर्लिक ह्या जर्मन शास्त्रज्ञांनी, ज्यांना मेचनिकॉफ ह्यांच्याबरोबरच नोबेल विभागून मिळाले, पेशींना कृत्रिम रंग लावून पाहण्याची रीत काढली. इओसिन नावाच्या पहाटेच्या लालीसारख्या रंगाने ह्या पेशींतील कण रंगतात. ह्यांचे काम मोठ्या शत्रूशी, म्हणजे जंतांशी. जंत काही गिळता येत नाही, म्हणून मुंग्यांनी सापाला वेढावे तशा ह्या पेशी त्याला चिकटतात आणि आपल्या कणांतील जहर त्याच्यावर ओततात. दमा, पित्त उठणे, सर्दी-शिंका ह्यांतही त्या वाढतात. खानापूरपासून चंदगडपर्यंतच्या आपल्या पावसाळी पट्ट्यात, जेथे चिखलात अनवाणी राबावे लागते, तेथे इओसिनोफिल वाढलेले दिसले तर हुकवर्म आठवावा. उघड्यावर शौचास बसलेल्याच्या विष्ठेतील अंडी मातीत फुटतात, बारीक अळ्या पायाच्या बोटांच्या बेचक्यातून शिरतात, फुफ्फुसांवाटे आतड्यात पोचतात आणि तेथे रक्त पितात. बाई फिकट पडते, जिना चढताना धाप लागते, आणि घरचे म्हणतात कामाने थकली. शौचालय, पायात चप्पल आणि जंतांची गोळी हा ह्यावरील उपाय. मुलांना ही गोळी शाळेत आणि अंगणवाडीत वर्षातून ठरलेल्या दिवशी देतात. मोठ्यांनी दवाखान्यात विचारावे.

वासराचा चीक

आता वासरांकडे येऊ. माणसाचे मूल जन्मते तेव्हा आईची प्रतिद्रव्ये नाळेतून, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, त्याला मिळालेली असतात. शिवाय पहिले पिवळसर दूध आतड्याला आतून लेप दिल्यासारखे राखते, आणि त्यात आईच्या जिवंत पांढऱ्या पेशीही असतात. ते "जड" म्हणून पिळून टाकणे आणि बाळाला मध किंवा गूळपाणी चाटवणे ही घातक रीत आहे. जन्मल्यापासून तासाभरात बाळ छातीशी लावावे.

गाई-म्हशींत मात्र वारेतून प्रतिद्रव्ये जातच नाहीत. वासरू जन्मते ते जवळजवळ रिकाम्या हातांनी. त्याच्या स्वतःच्या लिम्फोसाइट शिकून तयार व्हायला आठवडे लागतात, आणि गोठ्यातील जंतू पहिल्या तासापासून हजर असतात. मधल्या काळाची सारी शिदोरी चिकात असते. वासराचे आतडे जन्मल्यावर काही तासच ही प्रतिद्रव्ये अखंड रक्तात शोषून घेते. सहा तासांनंतर ही ताकद उतरू लागते आणि चोवीस तासांत दार बंद होते. त्यानंतर बादलीभर चीक पाजला तरी तो रक्तात संरक्षण म्हणून पोचत नाही, दूध म्हणून पचतो.

आपल्या गावांत काय चालते? "वार पडेपर्यंत पाजू नये" म्हणून वासराला सहा-आठ तास, कधी रात्रभर, बांधून ठेवतात. पहिल्या धारेचा घट्ट चीक खरवसासाठी घरात आणि शेजारी वाटला जातो. मग पंधरा दिवसांत वासराला हगवण लागते, किंवा बेंबी पिकून सांधे सुजतात, आणि दृष्ट लागली असे ठरते. वार पडण्याची वाट पाहण्याचे काहीच कारण नाही. उलट वासरू लुचू लागले की गाईच्या अंगात जी कळ येते तिने वार पडायला मदत होते.

कास कोमट पाण्याने धुऊन, पहिली एक-दोन पिळ सोडून, वासराला दोन तासांच्या आत पाजावे. त्याच्या वजनाचा दहावा हिस्सा चीक बारा तासांत पोटात गेला पाहिजे, आणि त्यातील निम्मा पहिल्याच वेळी. पंचवीस किलोच्या वासराला अडीच लिटर. अशक्त वासरू उभे राहत नसेल तर पिळून बाटलीने, मान फार वर न करता, सावकाश पाजावे. गाय दगावली किंवा चीक नसेल तर त्याच गोठ्यातील दुसऱ्या ताज्या व्यालेल्या गाईचा घ्यावा. शेजारी बर्फाची पेटी असेल तर जास्तीचा चीक तीत गोठवून ठेवता येतो. मात्र तो कोमट पाण्यात ठेवून वितळवावा. उकळला की प्रतिद्रव्ये मरतात, चीक वाफेवर थिजून खरवस होतो तो त्यातील ही द्रव्ये कडक झाल्यामुळेच. गाभण गाईला लाळ-खुरकुताची लस वेळच्या वेळी टोचलेली असेल तर तीही आठवण चिकातून वासराला उसनी मिळते.

संकरित गाय वासराला पुरून उरेल एवढा चीक देते, वासराचे झाल्यावर खुशाल खरवस करावा. गावठी गाईचा मात्र पहिला दिवस पूर्ण वासराचा मानावा. शेळीच्या करडांना हाच नियम लागू आहे, आणि डुकरिणीच्या पिलांनाही. दहा-बारा पिले असली की धष्टपुष्ट ती पुढची सडे बळकावतात आणि लहान मागे राहतात. व्याल्यावर पहिल्या काही तासांत मोठ्या पिलांना तासभर टोपलीत झाकून ठेवावे आणि लहानग्यांना पुढच्या सडांना लावावे, मग सगळी एकत्र सोडावीत.